रमाई : वसतिगृहाची आई

आमच्या विहारात तथागतांच्या मूर्तीच्या एका बाजूस बाबासाहेबांची आणि दुसऱ्या बाजूस माता रमाईंची तसबीर आहे. नव्याने दाखल झालेली मुले बाबासाहेबांना तत्काळ ओळखतात. रमाईंविषयी मात्र, त्या बाबासाहेबांच्या पत्नी होत्या, एवढेच त्यांना ठाऊक असते. आईवडिलांपासून दूर राहणाऱ्या मुलांना या मातेची ओळख अधिक जवळून व्हावी, म्हणून या स्मरणिकेत आम्ही त्यांचे जीवन थोडक्यात सांगत आहोत.

रमाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ रोजी दापोलीजवळील वणंद या गावी झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहत. आईचे नाव रुक्मिणी. आईचे छत्र लवकर हरपले आणि पाठोपाठ वडीलही गेले. पोरकी झालेली ही भावंडे नातलगांच्या आश्रयाने मुंबईस, भायखळ्यास आली. आज आमच्याकडे येणाऱ्या काही मुलांची कहाणी याहून फार वेगळी नसते.

१९०६ साली बालवयातच त्यांचा विवाह सुभेदार रामजी आंबेडकर यांचे पुत्र भीमराव यांच्याशी झाला. भायखळ्याच्या बाजारातील दिवसाचा व्यवहार आटोपल्यावर रात्री तेथेच हे लग्न लागले. १२ डिसेंबर १९१२ रोजी पुत्र यशवंत यांचा जन्म झाला. पुढच्याच फेब्रुवारीत सुभेदार निवर्तले आणि त्याच वर्षी भीमराव उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेले. तेथून लंडन, मग काही काळ मुंबई आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन, अशी ही विद्येची वाटचाल १९२३ पर्यंत चालली. त्या विद्येची किंमत परळच्या चाळीतील दोन खोल्यांत रमाईंनी चुकविली. त्यांनी गोवऱ्या थापून विकल्या, पुरवून पुरवून घर चालविले आणि घरची ददात परदेशी कळू दिली नाही, असे त्या काळच्या आठवणींतून सांगितले जाते.

यशवंतरावांनंतर गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार अपत्ये त्यांना झाली. चारही बालपणीच गेली. धाकटा राजरत्न १९२६ साली गेला, तेव्हा बाबासाहेबांसारखा धीरोदात्त पुरुषही खचला. आईच्या मनाचे काय झाले असेल, हे शब्दांत मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत नाही. पुढच्याच वर्षी महाडचा सत्याग्रह झाला, आणि समाजासाठी दिवसरात्र झटणाऱ्या पतीचे घर सांभाळणे हेच रमाईंनी आपले कार्य मानले.

बाबासाहेबांच्या चळवळीत वसतिगृहांना मोठे स्थान होते. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, आणि पुढे अन्यत्रही अशी वसतिगृहे उभी राहिली. धारवाडचे वसतिगृह बळवंतराव वराळे चालवीत. रमाई काही दिवस तेथे मुक्कामास असतानाचा एक प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. नेहमी अंगणात बागडणारी मुले एकाएकी दिसेनाशी झाली. चौकशी करता कळले, की अनुदान वेळेवर न आल्याने धान्य संपले आहे आणि मुले उपाशी आहेत. रमाईंनी आपल्या सोन्याच्या बांगड्या वराळ्यांच्या हाती ठेवल्या. त्यातून धान्य आले, चूल पेटली आणि मुले जेवली. ज्यांची चार लेकरे गेली होती, त्यांनी परक्यांच्या लेकरांना पोटाशी धरले.

ज्यांनी वसतिगृह चालविले आहे, त्यांना ही आख्यायिका वाटत नाही. कोठीतील धान्य तळाला गेले असता शंभर मुलांच्या पंगतीसमोर उभे राहणे म्हणजे काय, हे आम्ही जाणतो. अशा वेळी भाषणे उपयोगी पडत नाहीत. कोणीतरी आपल्या हातातील काही काढून द्यावे लागते.

रमाई श्रद्धाळू होत्या. पंढरपूरला जाण्याची त्यांची फार इच्छा होती. ज्या देवळाच्या बाहेरच आपल्या माणसांना थांबावे लागते तेथे जाऊ नये, अशी बाबासाहेबांची भूमिका होती, आणि ती इच्छा अपुरी राहिली. पुढे दादरला राजगृह उभे राहिले. परंतु कष्टाने झिजलेल्या देहाला ते सुख फार काळ लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली आणि एकवीस वर्षांनी नागपूरची धम्मदीक्षा. यांपैकी काहीच रमाईंनी पाहिले नाही. त्यांनी त्रिशरण घेतले नव्हते, हे आम्ही मुलांपासून लपवीत नाही. परंतु दान आणि क्षांती या पारमिता शिकविताना आम्हांस त्यांच्याहून जवळचे उदाहरण सापडत नाही. बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला, यातच त्यांचे ऋण मान्य केलेले आहे.

उरलेला एकुलता पुत्र यशवंतराव, म्हणजेच आपले भैय्यासाहेब. बाबासाहेबांच्या पश्चात भारतीय बौद्ध महासभेची धुरा त्यांनी वाहिली आणि चैत्यभूमीच्या उभारणीत पुढाकार घेतला. त्यांच्या मुलांपैकी कोणीही आजीला पाहिले नाही, तरी एका नातीला आजीचेच नाव मिळाले. आम्हीही त्यांना पाहिलेले नाही. मग आमच्या मुलांनी त्यांना आई म्हणावे की आजी, हा प्रश्न उरत नाही. वसतिगृहात जेवून शिकलेले प्रत्येक मूल त्यांच्याच गोतातले आहे.

आमच्या माजी विद्यार्थ्यांस एकच विनंती. आपण मिळवते झालात, याचा आम्हांस आनंद आहे. सायंकाळी येथे पंगत बसते तेव्हा तिच्यात आपल्यासारखीच मुले असतात, याची आठवण असू द्यावी. माता रमाईंच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.