इलिनॉय कायदेमंडळांतील अब्राहाम लिंकन

अब्राहाम लिंकन म्हटला म्हणजे गुलामांस मुक्त करणारा आणि मारेकऱ्याच्या गोळीस बळी पडलेला अध्यक्ष आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु त्या पदावर चढण्यापूर्वीं कित्येक वर्षें तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं इलिनॉय या एका संस्थानाच्या कायदेमंडळाचा साधा सभासद होता. चरित्रकार या आठ वर्षांवरून बहुधा घाईनें पुढें जातात. आमच्या मतें मात्र त्याचा स्वभाव प्रथम तेथेंच कसास लागला.

लिंकनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजीं केंटकी संस्थानांत लांकडी ओंडक्यांच्या एका खोपटांत झाला. तो नऊ वर्षांचा असतांना त्याची आई वारली. शाळा त्यास सर्व मिळून जेमतेम वर्षभर लाभली. बाकीची विद्या मागून आणलेल्या पुस्तकांवर मिळविलेली. १८३१ सालीं तो इलिनॉयमधील न्यू सेलम या खेड्यांत येऊन एका दुकानांत कारकून झाला आणि दुसऱ्याच वर्षीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, कायदेमंडळाच्या निवडणुकीस उभा राहिला! तेरा उमेदवारांत त्याचा क्रम आठवा लागला. तथापि त्याच्या स्वतःच्या गांवांत पडलेल्या सुमारें ३०० मतांपैकीं २७७ मतें त्याला होतीं. जे त्याला रोज पाहत होते, त्यांनीं त्याला ओळखलें होतें.

पुढें भागीदारींत काढलेलें दुकान बुडालें, भागीदार वारला आणि सारें कर्ज लिंकनच्या डोक्यावर आलें. तें त्यानें कित्येक वर्षें राबून फेडलें. पोटासाठीं तो पोस्टमास्तर झाला, जमिनीची मोजणी शिकला. १८३४ सालीं लोकांनीं त्यास निवडून दिलें, तेव्हां अंगावर घालण्यास धड पोशाख नव्हता. उसने पैसे काढून त्यानें तो शिवविला आणि व्हँडेलिया या तेव्हांच्या राजधानीस गेला. जॉन स्टुअर्ट या सहकारी सभासदानें त्यास कायद्याचीं पुस्तकें वाचावयास दिलीं, आणि दोन वर्षांत त्यास वकिलीची सनद मिळाली.

१८३४, १८३६, १८३८ व १८४० असा चार वेळां तो निवडून आला. त्याच्या सांगामन जिल्ह्याचे नऊही प्रतिनिधि चांगले उंच असल्यामुळें लोक त्यांस थट्टेनें ‘नऊ लंबू’ म्हणत. या नवांनीं खटपट करून १८३७ सालीं राजधानी स्प्रिंगफील्ड येथें नेण्याचा ठराव पास करून घेतला. त्याच वर्षीं आगगाड्या व कालवे यांसाठीं सुमारें एक कोटि डॉलरची योजना मंजूर झाली. लिंकन तिचा मोठा पुरस्कर्ता होता. लवकरच व्यापारांत मंदी आली, कामें अर्धवट पडलीं, संस्थान कर्जांत बुडालें. तरी हा गृहस्थ योजनेस चिकटूनच राहिला. हा त्याच्या कारकीर्दीवरील डाग होय, आणि तो झांकण्याचें कारण नाहीं. १८४० सालीं तर गणसंख्या भरूं नये म्हणून त्यानें सभागृहाच्या खिडकींतून बाहेर उडी टाकली! उडी फुकटच गेली, कारण मोजणी आधींच झाली होती. पुढें या गोष्टीचा उल्लेख त्यास मुळींच आवडत नसे.

परंतु याच सभागृहांत एक निराळा प्रसंग घडला. गुलामगिरी नष्ट करूं पाहणाऱ्या संस्थांचा निषेध करणारा व दक्षिणेकडील संस्थानांचा गुलामांवरील हक्क पवित्र मानणारा ठराव जानेवारी १८३७ मध्यें पुढें आला. बाजूनें ७७ मतें पडलीं, विरुद्ध अवघीं सहा. त्या सहांत सत्तावीस वर्षांचा लिंकन होता. इतक्यावर न थांबतां, ३ मार्च रोजीं त्यानें आपला लेखी विरोध सभागृहाच्या दप्तरांत नोंदविला. गुलामगिरी अन्यायावर उभारलेली असून राज्यकारभाराच्या दृष्टीनेंहि अहितकारक आहे, असा त्याचा आशय. त्याबरोबरच, गुलामगिरीविरोधी प्रचारानें अनर्थ वाढतो आणि संस्थानांच्या कारभारांत मध्यवर्ती सरकारास हात घालतां येत नाहीं, असेंहि त्यांत म्हटलें होतें. आज हें लेखन बेताचेंच वाटेल. पण इलिनॉयमधील पुष्कळ मतदार दक्षिणेकडून आलेले होते. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ऑल्टन येथें गुलामगिरीविरुद्ध लिहिणाऱ्या एलायजा लव्हजॉय या धर्मोपदेशक संपादकास जमावानें ठार मारलें. लिंकनबरोबर त्या कागदावर सही करणारा डॅन स्टोन हा एकटाच सभासद निघाला. स्टोन लवकरच न्यायाधीश झाला. लिंकनला मात्र पुन्हा मतदारांच्या दारीं जावयाचें होतें. तो गेला, आणि निवडून आला.

१८४२ नंतर तो वकिलींत रमला. १८४७ ते १८४९ तो मध्यवर्ती काँग्रेसमध्यें होता. सीनेटच्या जागेसाठीं मात्र त्याच्याच जुन्या कायदेमंडळानें त्यास १८५५ व १८५९ सालीं, असें दोनदां डावललें. १८६० सालीं अध्यक्षपदासाठीं उभा असतांना त्यानें आपली लहानशी हकीकत लिहून दिली. तींत तेवीस वर्षांपूर्वींच्या त्या विरोधाचा उल्लेख करून, आपलें मत अद्याप तेंच आहे, असें नमूद केलें. १ जानेवारी १८६३ रोजीं त्यानें गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा काढला.

१४ एप्रिल १८६५ च्या रात्रीं वॉशिंग्टन येथें त्याच्यावर गोळी झाडली गेली व दुसरे दिवशीं सकाळीं त्याचा अंत झाला. ज्या स्प्रिंगफील्डला त्यानें राजधानीचा मान मिळवून दिला होता, तेथील कायदेमंडळाच्या सभागृहांत ३ मे रोजीं त्याची शवपेटी ठेवण्यांत आली, आणि रात्रभर लोक रांगेनें तिच्यापुढून जात होते.