झिंगराजीचा देबू
श्री गाडगेबाबांचे अल्पचरित्र

ज्युबिलीच्या स्मरणिकेत एखाद्या संताचे अल्पचरित्र द्यावे, ही आमच्या ख्रिस्तसभेतील जुनी रूढी आहे. माळेगाव बुद्रुकच्या आमच्या धर्मग्रामस्थांनी ह्या वेळी पादुआचे संत अंतोनी किंवा संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्यापैकी कोणाचे तरी चरित्र वाचावयास मिळेल अशी अपेक्षा केली असेल. आम्ही मात्र ज्या पुरुषाचे चरित्र येथे सादर करीत आहोत, तो आमच्या वेदीवरचा नव्हे. त्यास संतपद दिले ते वऱ्हाडातील व पुढे साऱ्या महाराष्ट्रातील गोरगरिबांनी. तरीही हेच चरित्र निवडण्यास एक कारण घडले. आमच्या धर्मग्रामातील अनेक घरांत एक दुःख वर्षानुवर्षे मुक्कामास आहे. ते पापनिवेदनाच्या पेटीत यावयाच्या आधी मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या पायरीवर येते, आणि ते घेऊन येणारा बहुधा स्वतः पिणारा नसतो. त्याची पत्नी असते, नाहीतर म्हातारी आई. ज्या बालकाने हे दुःख आपल्या बापाच्या घरी पाहिले आणि जन्मभर त्याचा विसर पडू दिला नाही, त्याचे चरित्र ह्या मंडळींच्या हाती पडावे, अशी आमची इच्छा आहे.

देबूजी झिंगराजी जानोरकर ह्यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. पुढे लोक त्यांस गाडगेबाबा म्हणू लागले. पिता झिंगराजी, माता सखूबाई. प्रबोधनकार ठाकरे ह्यांनी 1952 साली बाबांचे चरित्र लिहिले. झिंगराजी हा काही मुळचा व्यसनी नव्हता, हे त्यात वाचून आम्हांस विशेष वाटले. दारू त्याच्याकडे आली ती कुलाचाराच्या आणि जातभाईंच्या मानपानाच्या वाटेने. सणावाराला देवापुढे ठेवावयाची, मग प्रसाद म्हणून घ्यावयाची, आणि पंगतीत बसून नाही म्हणणे म्हणजे चार भावांचा अपमान करणे, अशी ती रीत होती. प्रथम आग्रह, मग सवय, मग व्यसन, असा तो प्रवास झाला. घरचे होते नव्हते ते विकले गेले, शरीर पोखरले, आणि ज्या मित्रांनी पहिला पेला पुढे केला होता त्यांपैकी एकही अंथरुणापाशी उरला नाही. अंतकाळी त्यास पश्चात्ताप झाला, आणि आपल्या मुलास ह्या चालीरीतींपासून व दारूपासून दूर ठेवावे असे त्याने पत्नीस विनवले, असे चरित्रकार सांगतात. 1884 साली तो वारला. देबू तेव्हा आठ वर्षांचा होता.

मद्यपी मनुष्य वारला म्हणजे घराची सुटका झाली असे शेजारी म्हणतात. ते खरे नव्हे. झिंगराजीच्या मागे सखूबाईस ना घर उरले ना शेत. आठ वर्षांचे पोर बरोबर घेऊन ती दापुरे ह्या गावी माहेरी गेली. तेथे आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान ह्यांच्या आश्रयाने मायलेक राहू लागले. आश्रित विधवेने भावाच्या घरी कसे राहावे लागते, हे आमच्या वाचकांपैकी कित्येक भगिनींस सांगावयास नको. देबू गुरे राखू लागला आणि काही वर्षांतच नांगर धरू लागला. तो कामाला वाघ होता, पट्टीचा पोहणारा होता, रात्री भजनात रमणारा होता. पण त्याचे पोरपण बापाबरोबरच गेले होते. घरात कोणी पिणारा असला म्हणजे लहान मूल अकाली मोठे होते. आईच्या तोंडाकडे पाहून दिवस कसा जाणार हे ते ओळखते. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या परिसरात टोळ्या उतरतात, तेव्हा तेथील खोपींतून अशी मुले आम्ही पाहिली आहेत. बापाने उचल कोठे घालवली हे ती विचारीत नाहीत. धाकट्या बहिणीस कडेवर घेऊन ती मुकाट्याने चुलीपाशी बसतात.

मामाच्या जमिनीवर पुढे सावकाराचा डोळा गेला. कागदावर काय लिहिले आहे हे न वाचता केलेल्या अंगठ्यांनी ती गिळली, आणि त्या धक्क्याने मामाही गेला. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यावयास आली तेव्हा देबूजी एकटा त्यांच्या आडवा उभा राहिला. दारू आणि कर्ज ही दोन नावे त्याच्या मनात कायमची एकत्र बसली ती येथे.

ज्या 1884 साली झिंगराजी वारला, त्याच साली दूर आयर्लंड देशातील डब्लिन शहरी मॅट टॅल्बट नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या मजुराने दारू सोडण्याची प्रतिज्ञा केली. ह्या योगाकडे आमचे लक्ष वारंवार जाते. मॅट बाराव्या वर्षी मद्याच्या व्यापाऱ्याकडे कामास लागला आणि तेथेच पिऊ लागला. साऱ्या मजुरीचे पेले होत. एकदा खिशात दिडकी नसता तो गुत्त्याबाहेर उभा राहिला. ज्यांस त्याने आजवर पाजले होते ते मित्र एकामागून एक जवळून गेले, आणि एकानेही आत बोलावले नाही. तो घरी परतला आणि आईस आपला निश्चय सांगितला. प्रतिज्ञा प्रथम तीन महिन्यांची होती, मग सहा महिन्यांची, मग जन्माची. तुटलेली नाती जोडण्यास त्यास प्रतिज्ञेहून अधिक कष्ट पडले. उधारी त्याने एकेक करून फेडली. दारूसाठी ज्याचे सारंगीसारखे वाद्य त्याने व त्याच्या सोबत्यांनी चोरून विकले होते, त्या गरीब वादकाचा त्याने पुष्कळ शोध केला. तो सापडला नाही, तेव्हा त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करविल्या. 7 जून 1925 रोजी मिस्सेस जात असता तो रस्त्यातच कोसळून मरण पावला. 1975 साली परमगुरू सहावे पौल ह्यांनी त्यास आदरणीय म्हणून घोषित केले. मॅटला दारूबाहेरचे एकेचाळीस संवत्सर लाभले. झिंगराजीस पश्चात्ताप झाला, पण दिवस उरले नव्हते. त्याचे ते उरलेले दिवस जणू मुलाच्या वाट्यास आले.

देबूजीचे लग्न 1892 साली कुंताबाईशी झाले. पुढे कन्या झाली, तिचे नाव अलोका. तिच्या बारशाचा प्रसंग आम्ही जरा विस्ताराने सांगतो, कारण आमच्या मते हाच ह्या चरित्राचा गाभा आहे. परीट समाजात त्या काळी बारशाला जातभाईंस मटण आणि दारू द्यावयाची रीत होती. ती न देणारा यजमान कंजूष तरी ठरे, नाहीतर जातीबाहेरचा. देबूजीने पंगत बसवली आणि पानात बुंदीचे लाडू व गोडधोड वाढले. पंगतीत कुजबुज झाली, रोष झाला, म्हाताऱ्यांनी परंपरेची आठवण दिली. देबूजी हात जोडून उभा राहिला, पण मागे हटला नाही. त्याने कोणास पापी म्हटले नाही, कोणास घरातून घालवले नाही, व्याख्यानही झोडले नाही. बापाच्या घरात दारू ज्या दाराने आली होती, त्या मानपानाच्या दारातच तो उभा राहिला, आणि मुलीच्या पहिल्या मंगल दिवशी ते दार त्याने लावून घेतले. सखूबाई त्या दिवशी त्या घरात होती. नवऱ्याच्या अंतकाळीची विनवणी तिला आठवली असेल, असे आम्हांस वाटते.

आता आमच्याकडे वळतो. आमच्या घरांत बारशाऐवजी बालकाचा स्नानसंस्कार असतो. देवळात धर्मगुरू त्या बालकाच्या आईबापांस व धर्ममातापित्यांस सैतानाचा व त्याच्या सर्व कृत्यांचा त्याग करता काय असे विचारतात, आणि सर्वजण मोठ्याने होय म्हणतात. तासाभरात त्याच बालकाच्या नावाने मांडवामागे बाटल्या फुटतात. आम्ही स्वतः कित्येक ठिकाणी आशीर्वाद देऊन, मागे काय चालले आहे हे ठाऊक असता, लवकर निघून आलो आहोत. तो आमचा भित्रेपणा होता, हे येथे लिहून ठेवतो. काही मंडळी काना गावच्या लग्नाचा दाखला देतात. प्रभू येशूने पाण्याचा द्राक्षारस केला हे खरे, आणि वेदीवर आम्ही द्राक्षारसच अर्पण करतो. ख्रिस्तसभा मद्याच्या थेंबास पाप म्हणत नाही. मद्यपानाने शुद्ध हरपणे ह्यास मात्र ती पाप म्हणते. पण ज्या पंगतीत एक जरी मनुष्य असा बसला आहे की ज्यास पहिल्या पेल्यानंतर थांबता येत नाही, त्या पंगतीत आग्रह करणाऱ्याने काना गावाचे नाव घेऊ नये. ज्युबिलीच्या दिवशी मिस्सेनंतर देवळाच्या आवारात जे सहभोजन होईल, त्यात बुंदीचे लाडू असतील, आणि मांडवामागे काहीही असणार नाही, अशी व्यवस्था आम्ही केली आहे.

1 फेब्रुवारी 1905 रोजी देबूजींनी घर सोडले. येथे आमची लेखणी अडखळते. बाप दारूसाठी घरास पारखा झाला, आणि मुलगा लोकसेवेसाठी झाला. हेतू आकाश-पाताळाइतके भिन्न, परंतु कुंताबाईच्या चुलीपाशी दोहोंचा परिणाम काही अंशी सारखाच दिसला असेल. सखूबाईने तर प्रथम पती आणि मग पुत्र असे दोघे घराबाहेर गेलेले पाहिले. लग्नबंधनात असलेल्या पुरुषास आमची ख्रिस्तसभा मठात प्रवेश देत नाही. स्वित्झर्लंडच्या संत निकोलसने 1467 साली दहा मुलांचे घर सोडून एकांतवास पत्करला, तो पत्नी दोरोथेआची संमती मिळवून. कुंताबाईस तशी संधी मिळाली नाही. बाबांचे थोरपण आम्ही मान्य करतो. तरी त्या थोरपणाचा भार सासूसुनांनी वाहिला, हे न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

घर सोडल्यावर अंगावर चिंध्यांचा पेहराव, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, एका हाती खराटा व दुसऱ्या हाती मडक्याचे खापर, असे त्यांचे रूप झाले. त्या खापरावरून म्हणजे गाडग्यावरूनच नाव पडले. गावात शिरताच ते रस्ते झाडू लागत आणि गाव स्वच्छ झाल्यावर रात्री कीर्तनास उभे राहत. त्यांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांशी चाललेली प्रश्नोत्तरे असत. वऱ्हाडी बोलीत ते साधा प्रश्न टाकीत, लोक उत्तर देत, आणि उत्तर देता देता आपणच आपला न्याय करीत. दारू पिऊ नये, देवापुढे मुकी जनावरे मारू नयेत, कर्ज काढून लग्ने करू नयेत, शिवाशिव पाळू नये, जेवणाची भांडी विकावी लागली तरी मुलांस शाळेत घालावे, हे त्यांचे विषय होत. दारूविषयी बोलताना त्यांचा रोख पिणाऱ्याइतकाच पाजणाऱ्यावर आणि जेवणावळीवर असे. कोणासही ते पाया पडू देत नसत, आणि आपणास कोणी शिष्य नाही असे म्हणत.

पुत्र गोविंद 1923 साली वारला, त्याची वार्ता बाबांस कोकणात खारेपाटण येथे ऐन कीर्तनात मिळाली. क्षणभर थांबून त्यांनी कीर्तन पुढे चालविले. ह्या प्रसंगाची पुष्कळ स्तुती होते. आम्ही तो वाचताना बाबांविषयी आदर बाळगूनही कुंताबाईकडे पाहतो. तिने ते दुःख कोणत्या कीर्तनात विसरावयाचे होते?

लोकांनी दिलेल्या पैशांतून बाबांनी ऋणमोचन येथे पूर्णेस घाट बांधविले. नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंसाठी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधविली. आमच्या शेजारच्या बारामतीवरून तुकोबांची पालखी दरवर्षी जाते. तिच्याबरोबर चालणाऱ्या गरीब वारकऱ्यांस पंढरीत डोके टेकावयास जागा नसे, हे त्या बांधकामामागचे कारण होय. ह्या इमारतींपैकी एकीतही आपल्या नातलगांचा हक्क राहणार नाही असे त्यांनी ठरवून ठेवले. कुंताबाईने झोपडीत दिवस काढले. बापाने घरचा पैसा पेल्यात घालविला होता; मुलगा लोकांच्या पैशातील एक पैही घरी जाऊ देईना. ह्या कडकपणाचे मूळ आम्हांस शेंडगावच्या त्या घरात दिसते.

व्यसन हा रोग आहे आणि त्यास उपचार आहे, हे आज वैद्यकशास्त्र सांगते. पुण्यात 1986 सालापासून मुक्तांगण ही व्यसनमुक्ती संस्था कार्य करीत आहे. तेथे रुग्णाबरोबर त्याच्या पत्नीचेही ऐकून घेतले जाते, कारण दारू सुटल्यावरही घरातील भीती लगेच सुटत नाही. ज्यांस तेथे जावयाचे असेल, त्यांनी आम्हांस येऊन सांगावे. सोबत आम्ही येऊ. रात्री-अपरात्रीही दार ठोठावण्यास संकोच करू नये.

20 डिसेंबर 1956 रोजी, आजारी बाबांस मोटारीतून अमरावतीस नेत असता, वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात त्यांचे देहावसान झाले. अमरावती येथे त्यांची समाधी आहे, आणि तेथील विद्यापीठास त्यांचे नाव आहे. ज्याने कधी शाळेचे तोंड पाहिले नाही, त्या झिंगराजीच्या देबूचे.