४०० नंबरचं मांजर आणि ११ वर्षं गप्प राहिलेला डॉक्टर

अंबरनाथहून लोकलने निघालं की वालधुनीचा वास येतो. लोक नाकाला रुमाल लावतात आणि कल्याण येईपर्यंत विसरूनही जातात. प्राचीन शिवमंदिराच्या शेजारून वाहणारी ही नदी कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी घेऊन उल्हासच्या खाडीत जाते आणि खाडी वसईजवळ समुद्राला मिळते. या उल्हास खाडीच्या गाळात साचलेल्या पाऱ्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झालाय.

आता पारा कुठून आला, कोणाचा किती, हा वेगळा विषय. पण पाण्यात गेलेला पारा शरीरात शिरून काय करतो, हे जगाला कळलं कसं? त्याचं उत्तर शोधायला जपानमधल्या मिनामाता या गावात जावं लागतं. तिथे एक डॉक्टर होते, हाजिमे होसोकावा. गंमत म्हणजे ते प्रदूषण करणाऱ्या कंपनीचेच पगारी डॉक्टर होते.

होसोकावा यांचा जन्म १९०१ चा, एहिमे प्रांतातला. टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठातून डॉक्टर झाल्यावर ते चिसो या रासायनिक कंपनीत नोकरीला लागले. आधी कोरियात, मग मिनामाताच्या कारखान्याच्या दवाखान्यात. मध्ये महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून ब्रह्मदेशातही जाऊन आले. परतल्यावर पुन्हा तोच दवाखाना.

मिनामाता म्हणजे चिसो आणि चिसो म्हणजे मिनामाता, असा तो काळ. निम्म्या घरांची चूल कंपनीच्या जिवावर, उरलेल्यांची मासेमारीवर. १९५० च्या दशकात तिथली मांजरं विचित्र वागायला लागली. झोकांड्या खायची, गोल गोल फिरायची, समुद्रात पडून मरायची. लोक त्याला मांजरांचा नाचरा रोग म्हणायचे.

मग माणसांची पाळी आली. एप्रिल १९५६ मध्ये पाच वर्षांची एक मुलगी दवाखान्यात आली. तिला नीट चालता येईना, बोलता येईना. पाठोपाठ तिची धाकटी बहीण आणि शेजारची मुलंही आजारी. होसोकावांच्या दवाखान्याने १ मे १९५६ रोजी आरोग्य केंद्राला कळवलं की मेंदूचा एक अनोळखी आजार पसरतोय. मिनामाता आजाराचा अधिकृत शोध याच तारखेपासून धरला जातो.

डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. मांजरांना नंबर देऊन ते वेगवेगळे पदार्थ खाऊ घालू लागले. जुलै १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवलं. त्याच सुमारास, २१ जुलैपासून, होसोकावांनी ४०० नंबरच्या मांजराच्या खाण्यावर थेट कारखान्याच्या ॲसिटाल्डिहाइड विभागाचं सांडपाणी ओतायला सुरुवात केली. या विभागात पाऱ्याचं संयुग उत्प्रेरक म्हणून वापरलं जायचं.

७८ दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, मांजर थरथरायला लागलं. तोंडातून लाळ, पाय लुळे, मग झटके. बाहेरच्या मांजरांना व्हायचं तेच. माशाबिशाचा संबंध नाही, सरळ कारखान्याचं पाणी.

डॉक्टरांनी कंपनीला सांगितलं. नोव्हेंबरमध्ये कंपनीने प्रयोग थांबवायला लावले. निकाल बाहेर गेला नाही.

आणि इथेच या गोष्टीचा खरा सल आहे. ३० डिसेंबर १९५९ रोजी कंपनीने पीडितांशी करार केला. मृतांच्या घरच्यांना ३ लाख येन, आणि पुढे कारखाना दोषी ठरला तरी आणखी भरपाई मागायची नाही, अशी अट. सही करणाऱ्या कोळ्यांना ४०० नंबरच्या मांजराबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. कंपनीला ठाऊक होतं. होसोकावांनाही.

त्यांना खलनायक म्हणावं तर आजार त्यांनीच कळवला होता. नायक म्हणावं तर ते गप्प बसले होते. पुढे परवानगी मिळाल्यावर त्यांनी प्रयोग पुन्हा केले, तोच निकाल आला, तोही आतच राहिला. १९६२ मध्ये ते निवृत्त होऊन गावी गेले. सांडपाणी मात्र १९६८ पर्यंत वाहत राहिलं.

त्या मांजरांच्या आत काय झालं होतं? मिथिल पारा शरीरातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतो. ही जोडी मेथिओनिन नावाच्या दुसऱ्या अमिनो आम्लासारखी दिसते, त्यामुळे मेंदूचा पहारा तिला घरचं समजून आत सोडतो. आत गेल्यावर तो पेशीतल्या प्रथिनांना धरतो, पेशीचा सांगाडा मोडतो, तिची ऊर्जाकेंद्रं बिघडवतो. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतल्या बारीक पेशी आणि दृष्टीच्या भागातल्या पेशी मरतात. म्हणून झोकांड्या, म्हणून नजर आक्रसणं. वारेतून तो गर्भातही जातो. मिनामातात आईला फारसा त्रास नसताना बाळं आजारी जन्मली.

समुद्रातल्या सस्तन प्राण्यांचा धोका यावरून लक्षात येतो. डॉल्फिन वर्षानुवर्षं मासेच खातो, म्हणजे त्या प्रत्येक माशातला पारा त्याच्यात साठत जातो. त्याच्याकडे एक बचाव आहे. यकृतात तो पाऱ्याला सेलेनियमशी बांधून निरुपद्रवी कण बनवतो. पण सेलेनियम पेशीच्या स्वतःच्या संरक्षणालाही लागतं, ते असं खर्च होत राहतं. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डॉल्फिनच्या पांढऱ्या रक्तपेशींवर मिथिल पारा टाकला, तर त्यांचा डीएनए तुटताना दिसला. मुंबई-कोकण किनाऱ्यावर दिसणारे कुबडे डॉल्फिन खाड्यांच्या तोंडाशीच चरतात, हे इथे लक्षात घ्यायला हवं.

परत होसोकावांकडे. १९६५ मध्ये जपानमध्येच निगाता इथे, दुसऱ्याच कंपनीच्या सांडपाण्याने, तोच आजार पुन्हा झाला. मिनामाताचं सत्य वेळेत बाहेर आलं असतं तर हे टळलं असतं का, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्यासारखा राहिला नाही.

१९६९ मध्ये पीडित कोर्टात गेले. होसोकावा तोवर कर्करोगाने टोकियोच्या हॉस्पिटलमध्ये पडून होते. जुलै १९७० मध्ये कोर्टच त्यांच्या खाटेपाशी आलं. तिथे त्यांनी ४०० नंबरच्या मांजराची सगळी हकीकत शपथेवर सांगितली. जुन्या मालकांच्या विरोधात. तीन महिन्यांनी, १३ ऑक्टोबर १९७० रोजी ते गेले.

निकाल त्यांना पाहता आला नाही. २० मार्च १९७३ रोजी कुमामोतोच्या कोर्टाने कंपनीला दोषी ठरवलं आणि १९५९ चा तो करारही रद्दबातल केला.

प्रयोगांच्या त्या मालिकेतल्या एका मांजराचे जपून ठेवलेले अवयव पुढे पुन्हा तपासले गेले. २००१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चाळीस वर्षांनंतरही त्यात पारा होता.