खाजेकडे लक्ष देणारे पॅजेट

लंडनमधल्या आपल्या मंडळींना सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटल, म्हणजे ‘बार्ट्स’, ठाऊक असेलच. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण तिथले सर जेम्स पॅजेट मला फार आवडतात, आणि त्यांच्या नावाचा एक आजार आपल्या घरातल्या बायकांनी ऐकून ठेवावा असा आहे.

पॅजेट यांचा जन्म ११ जानेवारी १८१४ चा, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ग्रेट यार्मथचा. वडिलांचा बिअरचा आणि जहाजांचा धंदा बुडाला. कर्ज पुढे मुलांनी फेडलं. गावातल्या सर्जनकडे उमेदवारी करून जेम्स १८३४ मध्ये बार्ट्सला आले. पुढच्याच वर्षी एका मृतदेहाच्या स्नायूंत बारीक पांढरे ठिपके दिसले. असे ठिपके याआधीही दिसायचे, पण त्यांनी चाकूची धार जाते यापलीकडे कोणी विचार केला नव्हता. या पोराने भिंग लावलं, तर ठिपक्यात वेटोळं करून बसलेला जंत! शोधनिबंध मात्र रिचर्ड ओवेन यांच्या नावाने छापला गेला. क्रेडिटची ही भानगड ऑफिसात आपणही बघतोच.

मग बरीच वर्षं ओढाताणीची. मासिकांत लिहून पोट भरायचं, हॉस्पिटलच्या म्युझियमचं काम बघायचं. लग्न ठरल्यावर आठ वर्षं थांबावं लागलं. नंतर मात्र ते थेट राणी व्हिक्टोरियाचे सर्जन झाले.

१८७४ मध्ये त्यांनी एक छोटासा लेख लिहिला. साधारण पंधरा बायकांच्या स्तनाग्रावर इसबासारखा लाल, ओलसर चट्टा होता. कुठल्याच मलमाने तो जात नव्हता, आणि दोन वर्षांच्या आत त्याच स्तनात कॅन्सर निघाला. चट्टा वर, दुखणं आत. आमच्या भाषेत, एरर स्क्रीनवर आणि बग भलतीकडेच.

पॅजेट ३० डिसेंबर १८९९ रोजी गेले. तसाच आजार योनिमुखाच्या त्वचेवरही होतो, हे फ्रान्सच्या द्युब्रेय यांनी १९०१ मध्ये नोंदवलं. स्तनात जवळजवळ नेहमी आत कॅन्सर सापडतो. इथे बहुतेक वेळा आजार त्वचेतच असतो, पण काहींमध्ये खालच्या घामाच्या ग्रंथीत किंवा मूत्राशय, आतडं अशा जवळच्या अवयवात कॅन्सर असतो. म्हणून तेही तपासावं लागतं.

आजार दुर्मीळ आहे, बहुतेक पाळी गेल्यानंतरचा. खाज, आग, लाल चट्टा, त्यावर पांढुरके पापुद्रे. दिसायला अगदी फंगससारखं. त्यात जागा अशी, की आई-मावशी मुलीलाही सांगत नाहीत; केमिस्टकडून मलम आणतात आणि वर्ष जातं. डॉक्टरकडे गेल्या तरी नुसतं बघून निदान होत नाही. बायॉप्सीत त्वचेच्या थरात मोठ्या, फिकट पेशी दिसतात. मेलानोमा किंवा बोवेनच्या आजारातही असं दिसू शकतं, म्हणून पॅथॉलॉजिस्ट खास रंग वापरतात: ‘सीके-७’ उमटला आणि मेलानोमाचे रंग उमटले नाहीत, तर पॅजेटकडे बोट जातं.

भारतात फोन कराल तेव्हा एवढं विचारा: मलम लावूनही खाज महिनोन्‌महिने तशीच आहे का? असेल तर स्त्रीरोग किंवा त्वचेच्या डॉक्टरांना बायॉप्सीबद्दल विचारायला सांगा. जागा बधिर करून छोटासा तुकडा काढतात, सहसा त्याच दिवशी घरी सोडतात.