गुलामांच्या घामाचा कोको आणि पाव पेनीची भरपाई : जॉर्ज कॅडबरींची गोष्ट

चॉकलेट कुठल्याही कंपनीचं असो, आपल्या घरांत त्याला सर्रास कॅडबरीच म्हणतात. किराणा दुकानात पोरगं कॅडबरी मागतं आणि दुकानदार हाताला लागेल ते चॉकलेट पुढे करतो. एवढं रुळलेलं हे नाव मुळात एका इंग्रज कुटुंबाचं आडनाव. ते जगभर पोहोचवण्यात सगळ्यात मोठा वाटा होता जॉर्ज कॅडबरी यांचा. आणि याच भल्या माणसाच्या कंपनीवर, गुलामांनी पिकवलेला कोको वर्षानुवर्षं जाणूनबुजून विकत घेतल्याचा आरोप झाला होता.

जॉर्ज यांचा जन्म 1839 सालचा, बर्मिंगहॅमचा. घर क्वेकर पंथाचं. दारू वाईट, युद्ध वाईट, गुलामगिरी तर महापाप, अशी या पंथाची शिकवण. ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं तेव्हा या लोकांना जवळपास बंदच होती आणि सैन्यात जाणं तत्त्वात बसत नव्हतं. त्यामुळे बरेच क्वेकर धंद्यात उतरले. जॉर्ज यांचे वडील जॉन यांनी 1824 मध्ये दुकान टाकलं होतं. तिथे चहा, कॉफी आणि प्यायचा कोको मिळायचा. लोकांनी दारूऐवजी हे प्यावं, हाही त्यामागचा एक हेतू.

1861 मध्ये थोरले भाऊ रिचर्ड आणि 21 वर्षांचे जॉर्ज यांनी धंदा हातात घेतला तेव्हा तो बुडायच्या बेतात होता. आईकडून वारशात आलेले प्रत्येकी 4,000 पौंड दोघांनी त्यात ओतले.

त्या काळी कोको पावडरमध्ये भेसळ ही नेहमीचीच गोष्ट. कोकोत चरबी फार असते, ती झाकायला बटाट्याचं किंवा साबुदाण्याचं पीठ मिसळायचे. काही महाभाग तर विटांची भुकटीही टाकायचे. पीठ कॅडबरीही मिसळत होते. मग जॉर्ज यांनी हॉलंडहून व्हॅन हाऊटेन कंपनीचं दाबयंत्र आणलं. त्यात कोकोतलं जास्तीचं लोणी पिळून निघायचं, म्हणजे पीठ मिसळायची गरजच संपली. 1866 मध्ये हा शुद्ध कोको बाजारात आला आणि त्याची जाहिरातही शुद्धतेवरच झाली. पुढच्या दशकात ब्रिटिश संसदेनं भेसळीविरुद्ध कायदे केले, त्याचाही कंपनीला फायदाच झाला.

पैसा आल्यावर 1879 मध्ये भावांनी कारखाना शहराच्या धुरातून बाहेर काढला आणि बोर्नव्हिलला नेला. पुढे जॉर्ज यांनी तिथे बागा असलेल्या घरांचं गावच वसवलं आणि 1900 मध्ये ते एका ट्रस्टच्या हवाली केलं. कारखान्याच्या फाटकाच्या आत सगळं नीट होतं. फाटकातून आत येणाऱ्या पोत्यांकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं.

ते गेलं 1901 मध्ये. रिचर्ड यांचे चिरंजीव विल्यम कंपनीची कोको खरेदी बघायचे. ट्रिनिदादच्या दौऱ्यात त्यांच्या कानावर आलं की साओ टोमे बेटावर कोको पिकवायला गुलाम राबवतात. पश्चिम आफ्रिकेजवळचं हे बेट पोर्तुगालच्या ताब्यात होतं आणि कॅडबरींचा जवळपास निम्मा कोको तिथूनच यायचा. लवकरच तिथला एक मळा विक्रीला असल्याचा कागद कंपनीच्या हाती पडला. मळ्याच्या मालमत्तेच्या यादीत 200 काळे मजूर लिहिले होते, किंमत 3,555 पौंड.

पोर्तुगालनं कागदोपत्री गुलामगिरी 1870 च्या दशकातच बंद केली होती. प्रत्यक्षात अंगोलाच्या आतल्या भागातून माणसं धरून आणायची, अधिकाऱ्यासमोर उभी करायची, पाच वर्षांचा करार झाला असं लिहायचं आणि जहाजात घालायची. मुदत संपली की करार आपोआप पुढे चालू. बेटावरून अंगोलाला परत गेलेला माणूस शोधून सापडत नव्हता.

मग कॅडबरींनी खरेदी थांबवली का? नाही, आणि खरी गोष्ट इथेच आहे.

आपण मोठे गिऱ्हाईक आहोत तोवर पोर्तुगीज आपलं ऐकतील, खरेदी बंद केली की आपला दबावही संपला आणि माल दुसरा कुणीतरी उचलेल, असं कंपनीचं म्हणणं होतं. हा युक्तिवाद आजही कंपन्या करतात आणि तो अगदीच पोकळ नाही. 1903 मध्ये विल्यम लिस्बनला गेले, तिथे सुधारणांची आश्वासनं मिळाली. 1905 मध्ये कंपनीनं जोसेफ बर्ट यांना चौकशीसाठी पाठवलं. ते आधी पोर्तुगीज शिकले, मग बेटावर आणि अंगोलात हिंडले. याच वर्षी इकडे डेअरी मिल्क बाजारात आलं. दरम्यान पत्रकार हेन्री नेविन्सन स्वतः तो प्रवास करून आले आणि 1906 मध्ये त्यांचं पुस्तकही निघालं. बर्ट यांचं काम 1907 पर्यंत चाललं. ब्रिटिश परराष्ट्र खातं सबुरीचा सल्ला देत होतं, कारण दक्षिण आफ्रिकेच्या खाणींना पोर्तुगीज वसाहतीतलेच मजूर हवे होते. या सगळ्यात वर्षं जात राहिली आणि पोती येत राहिली.

त्यात जॉर्ज यांची एक बाजू अडचणीची होती. डेली न्यूज हे वृत्तपत्र त्यांच्या मालकीचं. त्यानं दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींत चिनी मजुरांना गुलामासारखं वागवतात म्हणून सरकारला फैलावर घेतलं होतं. विरोधी गोटातल्या स्टँडर्ड या वृत्तपत्रानं सप्टेंबर 1908 मध्ये नेमकं त्यावरच बोट ठेवलं. दुसऱ्यांच्या गुलामांसाठी अश्रू ढाळणारे स्वतःच्या कोकोबद्दल गप्प का, असा त्या लेखाचा रोख होता. कॅडबरींनी बदनामीचा दावा ठोकला.

मार्च 1909 मध्ये विल्यम आफ्रिकेतून स्वतः पाहणी करून परतले आणि कॅडबरी, फ्राय, राऊंट्री या तिन्ही क्वेकर कंपन्यांनी साओ टोमेचा कोको बंद केला. तोवर पर्यायही तयार होत आला होता. गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना. तिथे छोटे शेतकरी स्वतःच्या जमिनीत कोको लावत होते. कॅडबरींनी तिथे आपले खरेदीदार नेमले आणि नीट आंबवून वाळवलेल्या बियांना जास्त भाव द्यायला सुरुवात केली.

वर्षाअखेरीस बर्मिंगहॅमला खटला उभा राहिला. स्टँडर्डचे वकील एडवर्ड कार्सन यांनी विल्यम यांच्याकडून कबूल करून घेतलं की गुलामीबद्दल कळल्यापासून कंपनीनं तिथला सुमारे 13 लाख पौंडांचा कोको घेतला होता. जॉर्ज यांनाही साक्षीला उभं राहावं लागलं. ज्युरीनं निकाल कॅडबरींच्या बाजूनं दिला, बदनामी झाली हे मान्य केलं. भरपाई मात्र एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. इंग्लंडमधलं सगळ्यात लहान नाणं.

1911 पर्यंत गोल्ड कोस्ट कोकोच्या निर्यातीत जगात पहिला झाला. जॉर्ज कॅडबरी 24 ऑक्टोबर 1922 रोजी वारले, तेव्हा बोर्नव्हिलच्या गोदामात येणाऱ्या पोत्यांतली बरीचशी तिथलीच होती.