डॉ. रखमाबाईंचे विलायतेतील माहेर

आपल्या बेटावरची मुले-मुली शिक्षणासाठी विलायतेला जातात, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. मागच्या पिढीत तर आपल्याकडच्या कितीतरी तरुणी परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडला गेल्या. मुलगी निघायची म्हटले की फी किती आणि अभ्यास कोणता हे वडील पाहतात. आईच्या मनात मात्र पहिला प्रश्न येतो तो असा, की पोर राहणार कुणाच्या घरी? आजारी पडली तर तिच्या कपाळावर हात कोण ठेवील?

सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, जेव्हा हिंदू स्त्रीने एकटीने समुद्र ओलांडणे ही अगदी विरळ गोष्ट होती, तेव्हा मुंबईची एक मराठी तरुणी डॉक्टर होण्यासाठी लंडनला गेली आणि तेथे एका इंग्रज कुटुंबात राहून शिकली. ती म्हणजे डॉ. रखमाबाई. त्यांच्या गाजलेल्या खटल्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. लंडनमधील त्या घराविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. म्हणून आज आम्ही ही जीवनकथा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्या अवघ्या अडीच वर्षांच्या असताना वारले. आई जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. त्यांच्या ज्ञातीत विधवाविवाहाला मोकळीक होती. काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. पहिल्या नवऱ्याची मिळकत त्यांनी लेकीच्या नावे करून दिली. डॉ. सखाराम अर्जुन हे नावाजलेले वैद्य होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. सावत्र बाप हा शब्द आपल्याकडे चांगल्या अर्थाने वापरला जात नाही, पण या सावत्र बापाने मुलीला सख्ख्या बापाची माया दिली.

तरीही काळाचा रिवाज सुटला नाही. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी या १९ वर्षांच्या तरुणाशी लावून देण्यात आले. मुलगी लहान असताना तिला संसाराला लावणे डॉक्टरांना मान्य नव्हते, म्हणून ती माहेरीच राहिली. जावयानेही शिकून शहाणे व्हावे अशी अपेक्षा होती. दादाजींचे मन मात्र अभ्यासात रमले नाही. ते आपल्या मामाच्या घरी जाऊन राहिले. इकडे रखमाबाई घरच्या घरी पुस्तके मिळवून वाचू लागल्या, इंग्रजी शिकल्या, आर्य महिला समाजाच्या कामात भाग घेऊ लागल्या. त्या मामाच्या घरातील वातावरण त्यांना पसंत नव्हते आणि नवऱ्याबद्दल मनात ओढही नव्हती.

१८८४ साली दादाजींनी वकिलामार्फत मागणी केली, की बायकोला आपल्या घरी पाठवावे. रखमाबाईंनी नकार दिला आणि प्रकरण मुंबईच्या हायकोर्टात गेले. त्याच सुमारास, एप्रिल १८८५ मध्ये, डॉ. सखाराम अर्जुन यांचे निधन झाले. घरचा आधार गेला, पण मुलगी डगमगली नाही. एक हिंदू स्त्री एवढेच टोपणनाव घेऊन त्यांनी टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. दादाजींनी अपील केले, खटला पुन्हा चालला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट निकाल दिला. नवऱ्याच्या घरी जा, नाही तर सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास भोगा, असा तो प्रसंग होता. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. साऱ्या देशात वादळ उठले. लोकमान्य टिळकांनी त्यांच्याविरुद्ध लिहिले, तर बेहरामजी मलबारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. २,००० रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला.

यातली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बायकोला हुकमाने नवऱ्याच्या घरी पाठवण्याचा हा कायदा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हता, तो इंग्लंडातून आलेला होता. आणि इंग्लंडात अशा हुकमासाठी तुरुंगात घालण्याची तरतूद १८८४ सालीच रद्द झाली होती. जी शिक्षा गोऱ्या बाईला होऊ शकत नव्हती, ती मुंबईतल्या एका मराठी मुलीच्या डोक्यावर लटकत होती. पुढे ज्या घराने तिला आसरा दिला तेही त्याच इंग्लंडातले होते!

खटला मिटला, पण पुढे काय? नांदायला गेली नाही म्हणून समाज बोटे मोडत होता. अशा वेळी मुंबईच्या कामा हॉस्पिटलातील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना डॉक्टर होण्याचा मार्ग दाखवला. पीचीबाई स्वतः खूप सोसून वर आलेल्या होत्या. एडिंबरो विद्यापीठात वैद्यकीच्या शिक्षणासाठी झगडलेल्या पहिल्या सात स्त्रियांपैकी त्या एक होत्या. रसायनशास्त्रात पहिल्या येऊनही केवळ स्त्री म्हणून त्यांना शिष्यवृत्ती नाकारली गेली होती. रखमाबाईंच्या मदतीसाठी पैसा उभा राहिला. शिवाजीराव होळकरांनीही ५०० रुपये दिले. १८८९ साली रखमाबाई इंग्लंडला पोहोचल्या.

लंडनमध्ये त्यांना घर दिले ते वॉल्टर आणि ईव्हा मॅक्लेरन या पती-पत्नींनी. वॉल्टर मॅक्लेरन हे क्रू मतदारसंघाचे पार्लमेंटातील सभासद होते. वडील डंकन मॅक्लेरन एडिंबरोचे पार्लमेंटातील प्रतिनिधी, आणि आई प्रिसिला ही प्रसिद्ध मुत्सद्दी जॉन ब्राइट यांची बहीण. ईव्हाबाईही काही साध्या नव्हत्या. लंडनच्या लॅम्बेथ भागात गोरगरिबांच्या मदतीची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळावर त्या निवडून आल्या होत्या, आणि स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून नवरा-बायको दोघेही झटत होते.

अशा घरात राहण्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. भाड्याची खोली घेतली की डोक्यावर छप्पर मिळते. पण रखमाबाईंना छपराखेरीज आणखी एका गोष्टीची गरज होती. ज्या मुलीला चार वर्षे कोर्टात उभे राहून, आपण कुणाच्या घरी राहावे हे न्यायाधीशांच्या तोंडून ऐकावे लागले, तिला आता असे घर मिळाले होते की जेथे ती आपल्या मनाने आली होती. तेथे तिच्यावर कोणाचा दावा नव्हता. रात्री उशिरापर्यंत दिवा जळला तर बाईमाणसाला एवढे वाचून काय करायचे, असे विचारणारे त्या घरात कोणी नसावे, कारण यजमानीणच स्त्रियांच्या हक्कांसाठी घराबाहेर पडणारी होती. परक्या मुलुखात धुके, थंडी, एकटेपण आणि कठीण अभ्यास हे सगळे सोसायला असा आधार लागतो.

रखमाबाई एकट्याच अशा घरात राहिल्या असे नाही. आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या तेव्हा न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटर कुटुंबाने त्यांना जवळ केले. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या, आणि त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. रखमाबाई ख्रिस्ती कुटुंबात राहून हिंदूच राहिल्या. प्रत्येकीची वाट निराळी. पण तिघींच्याही शिक्षणामागे परक्यांनी उघडलेले एक दार होते, हे विसरता येत नाही.

लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या संस्थेत रखमाबाईंचे शिक्षण झाले. १८७४ साली स्थापन झालेली ही संस्था खास स्त्रियांसाठी होती. डॉ. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन तेव्हा तिच्या प्रमुख होत्या. रोगी तपासण्याचे प्रत्यक्ष शिक्षण रॉयल फ्री हॉस्पिटलात मिळे. अभ्यास चालू असतानाही रखमाबाईंना मायदेशातील मुलींचा विसर पडला नाही. १८९० साली त्यांनी एका इंग्रजी मासिकात बालविवाहावर लेख लिहून ब्रिटिश सरकारला साकडे घातले. पुढच्याच वर्षी हिंदुस्थानात मुलींच्या संमतिवयाची मर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेणारा कायदा झाला. त्यामागे अनेकांचे श्रम होते, पण रखमाबाईंच्या खटल्याने तो प्रश्न घराघरांत पोहोचवला होता.

१८९४ साली त्या स्कॉटलंडच्या वैद्यक संस्थांची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. ज्या एडिंबरोत पीचीबाईंना दार बंद झाले होते, त्याच भूमीतील परीक्षा त्यांच्या मराठी शिष्येने दिली. त्यानंतर ब्रसेल्सची एम. डी. ही पदवीही त्यांनी मिळवली.

१८९५ साली रखमाबाई मायदेशी परतल्या आणि लवकरच सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळाच्या प्रमुख झाल्या. त्या काळी बाळंतपणासाठी इस्पितळात जायला बायका घाबरत. इस्पितळात गेलेली बाई परत येत नाही, असा समज होता. असे सांगतात, की रखमाबाईंनी एका गाभण शेळीचे बाळंतपण इस्पितळात केले आणि मग बायकांची भीती थोडी ओसरली. प्लेगच्या साथीतही त्या कामावर उभ्या राहिल्या. सुरतेत दोन दशकांहून अधिक आणि नंतर राजकोटच्या स्त्रियांच्या इस्पितळात सुमारे एक तप, अशी जवळजवळ ३५ वर्षे त्यांनी रुग्णसेवा केली. सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. १९२९ साली त्यांनी पडद्याच्या चालीविरुद्ध पुस्तिका लिहिली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी मुंबईत, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मधली एक गोष्ट सांगायची राहिली. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली. ज्याच्या घरी जायला त्यांनी कोर्टाचा हुकूमही मानला नाही, त्याच्या मागे त्यांनी हा वेष घेतला. दुसरे लग्न त्यांनी कधी केले नाही. आजच्या मुलींना हे कोडे वाटेल. आम्हांला वाटते, की त्यांचे भांडण रीतिरिवाजाशी नव्हते, जबरदस्तीशी होते. जे करायचे ते आपल्या मनाने करायचे, हाच त्यांचा बाणा. विलायतेत पाच वर्षे राहूनही त्या मेमसाहेब बनल्या नाहीत, आणि मायदेशी परतल्यावर कुणाच्या दबावापुढे वाकल्याही नाहीत.

मॅक्लेरन कुटुंबाने दिलेल्या आसऱ्याची परतफेड पैशात होणार नव्हती. ती झाली सुरतेत आणि राजकोटात. ज्या बायाबापड्यांनी मॅक्लेरन हे नाव कधी ऐकलेही नसेल, त्यांच्या उशाशी बसून ती झाली.

आपल्या घरातील मुलगी शिकायला परदेशी निघाली, तर वाचक भगिनींनी तिला रखमाबाईंची ही कथा अवश्य सांगावी. आणि परमुलुखातून कुणाचे लेकरू शिकायला आपल्या गावी आले, तर आपल्या घरातली एक खोली आणि पानातला एक घास त्यालाही द्यावा. आपले पूर्वज कोकणातून या बेटावर उतरले तेव्हा त्यांच्यासाठी कोणाचे दार उघडे नव्हते. परक्या ठिकाणी माहेर मिळण्याचे मोल आपल्याइतके दुसरे कोण जाणणार?

डॉ. रखमाबाईंच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.