सरहद्दीवरचा पोलीस कप्तान

सरकारी कागदावर खोटी तारीख घालणे हा कोणत्याही देशात गुन्हाच ठरतो. तो पोलीस अधिकाऱ्याने केला तर अधिकच गंभीर. स्वित्झर्लंडमधील सेंट गालेन प्रांताचे पोलीस प्रमुख पाउल ग्रुनिंगर यांनी १९३८-३९ मध्ये हा गुन्हा जाणूनबुजून आणि पुन्हा पुन्हा केला. त्यापायी त्यांची नोकरी गेली, निवृत्तिवेतन गेले आणि नावालाही बट्टा लागला. तो पुसला गेला, तेव्हा त्यांना जाऊन तेवीस वर्षे लोटली होती.

ग्रुनिंगर यांचा जन्म १८९१ मध्ये सेंट गालेन शहरात झाला. शिक्षण शिक्षकी पेशाचे, ओढ फुटबॉलची. स्थानिक ब्रूल क्लबने १९१५ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद पटकावले, त्या संघात ते खेळत होते. १९१९ मध्ये शाळा सोडून ते पोलीस दलात लेफ्टनंट म्हणून दाखल झाले आणि पुढे कप्तान व प्रांताचे पोलीस प्रमुख झाले. शिस्तप्रिय, चारचौघांसारखा संसारी अधिकारी, एवढीच त्यांची ओळख होती. बंडखोरीचा मागमूसही त्यांच्या पूर्वायुष्यात सापडत नाही.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. व्हिएन्नातील ज्यूंची दुकाने, घरे आणि नोकऱ्या हिरावून घेतल्या जाऊ लागल्या आणि माणसांचा लोंढा पश्चिमेकडे, स्वित्झर्लंडच्या दिशेने निघाला. ऑस्ट्रियातील होहेनेम्स आणि स्वित्झर्लंडमधील दीपोल्डसाऊ या गावांमधून सरहद्द जाते. ऱ्हाइन नदीचा प्रवाह १९२३ मध्ये येथे सरळ करण्यात आला होता. सरहद्द मात्र जुन्या, उथळ पात्रातूनच राहिली. रात्रीच्या अंधारात लोक ते पात्र ओलांडून अलीकडे येत. अंगावरच्या कपड्यांखेरीज अनेकांजवळ फारसे काही नसे.

या लोकांचे काय करायचे, हे ठरवण्यासाठी १७ ऑगस्ट १९३८ रोजी प्रांतोप्रांतीच्या पोलीस खात्यांच्या प्रमुखांची बैठक झाली. परकीय नागरिकांसंबंधीच्या संघराज्य पोलीस खात्याची सूत्रे हाइनरिश रोथमुंड यांच्या हाती होती आणि त्यांचा कल दारे लावून घेण्याकडे होता. त्या बैठकीत ग्रुनिंगर यांनी निराळा सूर लावला. जीव वाचवण्यासाठी आलेल्यांना परत ढकलणे माणुसकीला धरून नाही, हा त्यांचा पहिला मुद्दा. आणि दार बंद केले तर लोक चोरवाटांनी येतील व त्यांच्यावर कोणाचेच लक्ष राहणार नाही, हा दुसरा. पहिला मुद्दा माणसाचा होता, दुसरा मुरलेल्या पोलिसाचा. दोन्हींचा उपयोग झाला नाही. दोनच दिवसांनी, १९ ऑगस्टला, व्हिसा नसलेल्या निर्वासितांसाठी सरहद्द बंद झाली.

येथून पुढे १९ ऑगस्ट ही तारीखच जीवनमरणाची रेषा ठरली. आधी आलेल्यांना राहता येत होते, नंतर आलेल्यांना परत पाठवायचे होते. ग्रुनिंगर यांनी यावर साधा तोडगा काढला. नंतर आलेल्यांच्या कागदांवर ते आधीची तारीख घालू लागले. दीपोल्डसाऊ येथे भरतकामाच्या एका बंद कारखान्यात निर्वासितांची छावणी उभी राहिली आणि खर्चाचा भार ज्यू मदत समितीने उचलला. समितीचे स्थानिक प्रमुख सिडनी ड्रायफस हे ग्रुनिंगर यांचे निकटचे सहकारी होते. त्यांची कन्या रूथ ड्रायफस पुढे १९९९ मध्ये स्वित्झर्लंडच्या अध्यक्ष झाल्या. अशा प्रकारे किती जणांचे प्राण वाचले, याचे हिशेब निरनिराळे आहेत. कित्येक शेकड्यांपासून ३६०० पर्यंत आकडे सांगितले जातात.

इतर प्रांतांत निर्वासितांचे येणे आटले असताना सेंट गालेनमध्ये ते सुरूच कसे, असा संशय १९३९ च्या आरंभी राजधानी बर्नला आला. चौकशी लागली. तोवर डोळेझाक करणारे प्रांताचे समाजवादी पोलीस मंत्री व्हॅलेंटिन केल यांनीही हात झटकले. एप्रिलमध्ये ग्रुनिंगर निलंबित झाले, मे महिन्यात बडतर्फ. १९४० मध्ये न्यायालयाने त्यांना कर्तव्यभंग आणि कागदपत्रांतील खोटेपणा यांबद्दल दोषी धरून ३०० फ्रँक दंड ठोठावला. त्यांनी पैसे खाल्ल्याचा पुरावा कोठेही निघाला नाही. तरी लाच आणि बायकांच्या संबंधातील कुजबुज गावात पसरायची ती पसरलीच.

पुढची तीन दशके ओढगस्तीत गेली. कधी रेनकोट विकणे, कधी गुरांचे खाद्य विकणे, कधी मोटार चालवायला शिकवणे, असे करता करता अखेर ते पुन्हा शाळेतील बदली शिक्षक झाले. आपल्या कृत्याचा त्यांना कधी पश्चात्ताप झाला नाही. तोच प्रसंग आला तर पुन्हा तसेच वागू, असे त्यांनी लिहून ठेवले. १९७० मध्ये प्रांत सरकारने आभाराचे पत्र धाडले, पण शिक्षेला हात लावला नाही. १९७१ मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्यांचा गौरव केला. २२ फेब्रुवारी १९७२ रोजी ते गेले, ते गुन्हेगार म्हणूनच.

कुटुंबीयांचे आणि समर्थकांचे अर्ज वारंवार फेटाळले गेले. १९९३ मध्ये पत्रकार-इतिहासकार श्टेफान केलर यांच्या पुस्तकाने हे प्रकरण पुन्हा उजेडात आणले आणि त्याच वर्षी प्रांत सरकार नमले. ३० नोव्हेंबर १९९५ रोजी, जेथे शिक्षा झाली होती त्याच सेंट गालेनच्या जिल्हा न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. संकटातील माणसाला वाचवण्यासाठी केलेली कृती गुन्हा ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. पुढे मिळालेली १३ लाख फ्रँकची भरपाई वारसांनी त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाला दिली.

ग्रुनिंगर यांनी १९३८ च्या बैठकीत मांडलेला पहिला मुद्दा १९५१ च्या जिनिव्हा निर्वासित करारात कायदा म्हणून उतरला. जीव वा स्वातंत्र्य धोक्यात असेल तेथे निर्वासिताला परत ढकलू नये, हे त्याचे ३३ वे कलम सांगते. हा कायदा नव्हता, तेव्हा एका पोलीस अधिकाऱ्याने तो आपल्या नोकरीच्या मोलाने पाळला. दीपोल्डसाऊ आणि होहेनेम्स यांना जोडणाऱ्या ऱ्हाइनच्या जुन्या पात्रावरील पुलाला २०१२ मध्ये पाउल ग्रुनिंगर यांचे नाव देण्यात आले. त्याच पाण्यातून रात्री चालत आलेल्यांसाठी त्यांनी तारखा बदलल्या होत्या.